इम्प्लांट बसवताना: हाडापासून कॅपपर्यंत काय पाहायचं

पडलेल्या दाताच्या जागी इम्प्लांट बसवायचं म्हटलं की डोळ्यांपुढे स्क्रू येतो. प्रत्यक्षात हाडात स्क्रू बसवणं हा या कामातला लवकर उरकणारा भाग आहे. एका दाताचं काम असेल आणि हाड पुरेसं असेल तर तासाभरात होतं. बिघडतं ते स्क्रूच्या आजूबाजूचं: हाड, हिरडी आणि वरून पडणारा दाब. त्यामुळे फायदे-तोटे मोजण्याआधी एक गोष्ट समजून घ्यायला हवी. बहुतेक फायदे आणि बहुतेक तोटे तिच्यातूनच निघतात.

आपल्या दाताचं मूळ हाडाला थेट चिकटलेलं नसतं. दोघांच्या मध्ये जेमतेम पाव मिलिमीटर जाडीचा तंतूंचा थर असतो आणि दात त्यात झोळीत ठेवल्यासारखा अडकलेला असतो. घासात बारीकसा खडा आला की तोंड आपोआप उघडतं, ते या थरातल्या नसांमुळे. इम्प्लांटला हा थर नाही. टायटॅनियमच्या पृष्ठभागावर हाड थेट वाढतं आणि धातू पक्का धरून ठेवतं. याला ऑसिओइंटिग्रेशन म्हणतात. स्वीडनचे पर-इंगवार ब्रोनेमार्क सशाच्या हाडात टायटॅनियमची बारीक उपकरणं बसवून रक्ताभिसरण पाहत होते. काम झाल्यावर ती उपकरणं हाडातून निघेनात, तेव्हा हा गुण त्यांच्या लक्षात आला. माणसाच्या जबड्यात त्यांनी असा इम्प्लांट पहिल्यांदा १९६५ मध्ये बसवला.

तीन भाग, तीन वेगळी कामं

हाडात जातो तो स्क्रूसारखा भाग म्हणजे खरा इम्प्लांट. त्याचा व्यास साधारण ३ ते ५ मिलिमीटर आणि लांबी बहुधा ८ ते १२ मिलिमीटर असते. त्यावर हिरडीतून वर येणारा जोडभाग बसतो, तो अबटमेंट. सगळ्यात वर दिसते ती कॅप. हे तीन भाग मुद्दाम लक्षात ठेवा. पुढे कधी ‘इम्प्लांट हलतोय’ असं वाटलं, तर नक्की काय हलतंय यावर सगळं अवलंबून असतं. कॅप किंवा अबटमेंट हलत असेल तर बहुतेक वेळा दुरुस्ती होते. हाडातला भाग हलत असेल तर तो काढावाच लागतो.

पहिली पायरी: तिथे दात हवाच का?

हा प्रश्न आधी विचारायचा. सगळ्यात मागची दाढ गेली असेल, बाकीच्या दाढांवर नीट चावता येत असेल आणि समोरची दाढ रिकाम्या जागेत उतरत नसेल, तर ती जागा रिकामी ठेवणं हाही योग्य निर्णय असू शकतो. मधला दात गेला असेल तर मात्र शेजारचे दात कलतात आणि समोरचा दात खाली किंवा वर सरकतो. काही वर्षांनी तिथे दात बसवायला जागाच उरत नाही.

पर्याय तीन. ब्रिजमध्ये दोन्ही शेजारचे दात घासून त्यांच्या आधारावर मधला दात टांगतात. काम दोन-तीन आठवड्यांत होतं, पण घासलेलं एनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कठीण आवरण, परत येत नाही. अशा दातांपैकी काहींना पुढे रूट कॅनल लागतं. काढता-घालता येणारी कवळी शस्त्रक्रियेशिवाय होते, पण ती हलते आणि खालच्या हाडाची झीज थांबवत नाही. तिसरा पर्याय इम्प्लांट.

आमचं मत स्पष्ट आहे. शेजारचे दोन्ही दात धडधाकट असतील तर इम्प्लांटचं पारडं जड. त्या दातांवर आधीच मोठी फिलिंग किंवा जुन्या कॅप असतील आणि नव्या कॅप लागणारच असतील, तर ब्रिज अजिबात कमी प्रतीचा नाही. ‘ब्रिज जुना झाला, आता इम्प्लांटच’ असं सरसकट सांगणाऱ्याला कारण विचारा.

सगळे दात गेलेल्यांचं गणित वेगळं. खालची कवळी जिभेच्या हालचालीने सतत उचलली जाते. समोरच्या भागात नुसते दोन इम्प्लांट बसवून त्यावर बटणासारखी अडकणारी कवळी केली तरी चावण्यात मोठा फरक पडतो. कमी शस्त्रक्रियेत एवढा फायदा या क्षेत्रात दुसरीकडे क्वचितच मिळतो.

दुसरी पायरी: तब्येतीचा खुला हिशेब

वय जास्त असणं ही अडचण नाही, कमी असणं आहे. जबड्याची वाढ चालू असताना इम्प्लांट बसवला तर शेजारचे दात वाढीबरोबर सरकतात आणि इम्प्लांट जिथल्या तिथे राहतो. काही वर्षांत तो दात ठेंगणा दिसू लागतो. म्हणून वाढ पूर्ण होईपर्यंत तात्पुरता दात लावून थांबायचं.

मधुमेह असला म्हणून इम्प्लांट होत नाही असं नाही. साखर आटोक्यात हवी. एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) ८ च्या वर असेल तर आधी साखर, मग इम्प्लांट. धूम्रपानामुळे हिरडीचा रक्तपुरवठा कमी होतो, जखम उशिरा भरते आणि इम्प्लांट निकामी होण्याचा धोका सुमारे दुपटीने वाढतो. शस्त्रक्रियेच्या निदान एक-दोन आठवडे आधीपासून आणि नंतर दोन महिने तरी बंद ठेवणार नसाल, तर डॉक्टरांना तसं खरं सांगा.

औषधांची यादी कागदावर लिहून न्या, सगळी. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून किंवा कर्करोगासाठी दिली जाणारी अ‍ॅलेंड्रोनेट, झोलेड्रोनिक अ‍ॅसिड, डेनोसुमॅब ही औषधं हाडाची नैसर्गिक झीज-भर मंदावतात. त्यामुळे जबड्याचं हाड उघडं पडून मरण्याचा धोका असतो. कर्करोगासाठी ती शिरेतून मोठ्या मात्रेत घेतली असतील तर इम्प्लांट शक्यतो टाळतात. जबड्यावर किरणोपचार झाले असतील तर तेही आवर्जून सांगा. रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असेल तर ती आपल्या मनाने बंद करू नका. ती देणारे डॉक्टर आणि दंतवैद्य यांनी मिळून ठरवायचं.

आणि हिरड्या. हिरड्यांच्या आजाराने दात गेले असतील तर ते जंतू तोंडातल्या बाकीच्या दातांभोवती असतातच. आधी तो आजार आटोक्यात आणायचा, काही महिने टिकतोय का ते पाहायचं, मग इम्प्लांट. ही पायरी गाळली की पुढच्या पाच-दहा वर्षांतल्या बिघाडाची सोय आजच झाली असं समजा.

तिसरी पायरी: मोजमाप

दात काढल्यावर त्या जागच्या हाडाची रुंदी वर्षभरात जवळपास निम्म्याने कमी होते, आणि त्यातली बरीचशी झीज पहिल्या तीन महिन्यांतच होते. आहे ते हाड टिकवायला इम्प्लांट मदत करतो, गेलेलं परत आणत नाही. जाहिरातीत हे दोन्ही एकच असल्यासारखं सांगतात.

नेहमीच्या सपाट एक्स-रेमध्ये हाडाची उंची कळते, रुंदी कळत नाही. त्यासाठी सीबीसीटी स्कॅन, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय एक्स-रे, लागतो. स्कॅन पडद्यावर उघडला की डॉक्टरांना आकडे विचारा. गणित सोपं आहे. ४ मिलिमीटर व्यासाच्या इम्प्लांटला गालाकडे आणि जिभेकडे निदान १.५ मिलिमीटर हाड राहायला हवं, म्हणजे रुंदी ७ मिलिमीटर. शेजारच्या प्रत्येक दातापासूनही १.५ मिलिमीटर अंतर हवं. दोन इम्प्लांट शेजारी असतील तर त्यांच्यात ३ मिलिमीटर. खालच्या जबड्यातून ओठ आणि हनुवटीला जाणीव देणारी नस जाते. तिच्यापासून २ मिलिमीटर लांब थांबायचं, म्हणजे १० मिलिमीटर लांबीच्या इम्प्लांटला नसेच्या वर १२ मिलिमीटर हाड हवं. वरच्या दाढांच्या जागी हाडाच्या वर सायनसची, म्हणजे नाकाशेजारची हवेची, पोकळी असते, तिथे उंचीच कमी पडते.

हाड कमी पडलं तर भर घालावी लागते. थोडी भर इम्प्लांट बसवतानाच घालता येते. जास्त असेल तर आधी हाड भरून चार ते सहा महिने थांबावं लागतं. सायनसचा पडदा उचलून खाली हाड भरायचं असेल तर बहुधा सहा महिने किंवा त्याहून जास्त. सुरुवातीला ‘तीन महिन्यांत दात’ असं ऐकून आलेला माणूस इथे वैतागतो. म्हणून वेळापत्रक स्कॅन पाहिल्यावरच विचारावं.

चौथी पायरी: शस्त्रक्रियेचा दिवस

भूल तेवढ्या भागापुरती. दुखत नाही, पण थरथर आणि दाब जाणवतो. हिरडी बाजूला करून आधी सुमारे २ मिलिमीटरच्या ड्रिलने वाट करतात. त्यात एक खूणपिन उभी करून दिशा तपासतात आणि मग टप्प्याटप्प्याने भोक मोठं करतात. एकदम मोठं ड्रिल लावत नाहीत, कारण हाड तापतं. ४७ अंश सेल्सिअस तापमान एक मिनिट राहिलं तरी हाडाच्या पेशी मरतात. अशा मेलेल्या हाडाला इम्प्लांट चिकटत नाही, तो काही आठवड्यांत सैल होतो. म्हणून ड्रिलवर सलाइनच्या पाण्याची धार सतत चालू असते. तोंडात पाणी साचतंय म्हणून कंटाळू नका, तेच पाणी इम्प्लांट वाचवत असतं.

इम्प्लांट किती घट्ट बसला ते मशीनवर न्यूटन सेंटिमीटरमध्ये, म्हणजे पिळून आवळण्याच्या जोराच्या मापात, दिसतं. ३५ च्या आसपासचा आकडा चांगला मानतात. तो पुरेसा असेल तर हिरडीतून बाहेर दिसणारी छोटी टोपी बसवतात. कमी असेल तर इम्प्लांट हिरडीखाली झाकून टाके घालतात आणि काही महिन्यांनी तेवढी हिरडी पुन्हा उघडतात. दुसऱ्यांदा हिरडी उघडावी लागली म्हणजे काही चुकलं, असं नाही.

पहिल्या दिवशी थुंकू नका आणि स्ट्रॉने पिऊ नका. ओढ लागली की रक्ताची गाठ सुटते. गालावर बाहेरून बर्फ वीस मिनिटं ठेवायचा, वीस मिनिटं काढायचा. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असते, मग उतरते. चौथ्या दिवसानंतर सूज किंवा ठणका वाढत असेल तर फोन करा. खालच्या जबड्याचं काम असेल आणि दुसऱ्या दिवशी सकाळीही ओठ-हनुवटी बधिर असेल, तर वाट पाहायची नाही, त्याच दिवशी कळवायचं. इम्प्लांट नसेवर दाबत असेल तर तो लवकर मागे घेतला तरच नस पूर्ववत होण्याची आशा जास्त असते.

पाचवी पायरी: थांबणं

खालच्या जबड्यात साधारण दोन ते तीन महिने, वरच्या जबड्यात तीन ते सहा. वरचं हाड जास्त सच्छिद्र असतं म्हणून.

या काळातली फसवी वेळ म्हणजे तिसरा-चौथा आठवडा. सुरुवातीचा घट्टपणा जुन्या हाडाच्या पकडीचा असतो. शरीर ते हाड आधी विरघळवतं आणि मग नवं भरतं. मधल्या आठवड्यांत पकड सगळ्यात कमी असते, आणि नेमकी तेव्हा सूज-दुखणं पूर्ण थांबलेलं असतं. माणसाला वाटतं सगळं बरं झालं आणि तो त्या बाजूने कडक चावायला लागतो. इम्प्लांट साधारण दीडशे मायक्रॉनपेक्षा (०.१५ मिलिमीटर) जास्त हलत राहिला तर भोवती हाडाऐवजी मऊ तंतू तयार होतात. तो इम्प्लांट मग कधीच पकडत नाही. तात्पुरती कवळी त्या जागेवर टेकत असेल तर ती आतून कोरून घ्या.

‘एका दिवसात दात’ खोटा नाही, पण तो सगळ्यांसाठी नाही. सुरुवातीची पकड उत्तम हवी आणि तो तात्पुरता दात समोरच्या दाताला न टेकणारा हवा. पूर्ण जबड्यात चार किंवा जास्त इम्प्लांट एका पट्टीने जखडतात तेव्हा ते शक्य होतं, कारण भार वाटला जातो. एकट्या दाढेला ही घाई सहसा परवडत नाही.

सहावी पायरी: कॅप

माप घेऊन किंवा स्कॅन करून कॅप बनते. इथे एक निवड असते. स्क्रूने बसवलेल्या कॅपला चावण्याच्या बाजूला छोटं भोक असतं. आतला स्क्रू आवळतात, त्यावर टेफ्लॉनची पट्टी दाबतात आणि वरून दाताच्या रंगाचं फिलिंग. पुढे काही झालं तर फिलिंग काढून कॅप सोडवता येते. सिमेंटने बसवलेली कॅप दिसायला जास्त चांगली असू शकते. पण हिरडीखाली सरकलेला सिमेंटचा कण राहिला तर महिनोन्महिने तिथे सूज राहते आणि हाड झिजतं. जागा आणि कोन जमत असेल तर आम्ही दाढांना स्क्रूचीच कॅप सुचवू.

मग दाब तपासणं. नैसर्गिक दात चावताना त्या तंतूंच्या थरात किंचित दबतो, इम्प्लांट जवळजवळ दबत नाही. दोन्ही सारख्या उंचीचे ठेवले तर जोरात चावताना सगळा भार इम्प्लांटवर येतो. म्हणून दातांमध्ये अगदी पातळ धातूची पट्टी धरून पाहतात. हलकं चावल्यावर शेजारच्या दातांत पट्टी अडकली पाहिजे आणि इम्प्लांटवरून सुटून आली पाहिजे. जोरात चावल्यावर तिथेही अडकली पाहिजे. हे दोन-तीनदा करून कॅप घासतात. ‘सगळ्यात आधी हाच दात टेकतोय’ असं वाटलं तर खुर्चीतून उठायच्या आधी सांगा. रात्री दात खाण्याची सवय असेल तर झोपताना घालायचं गार्ड याच वेळी करून घ्या, नाहीतर कॅपचा टवका उडणं आणि स्क्रू सैल होणं वारंवार होतं.

नंतर काय बिघडतं

इम्प्लांट किडत नाही, त्याला रूट कॅनल लागत नाही, आणि दहा वर्षांनी सुमारे ९५ टक्के इम्प्लांट तोंडात असतात. या आकड्याकडे जरा जपून पाहा. त्यात ‘अजून जागेवर आहे’ एवढंच मोजलेलं असतं. भोवतालचं हाड झिजलेला, पू येणारा इम्प्लांटही त्या ९५ मध्येच धरतात.

खरा शत्रू म्हणजे पेरिइम्प्लांटायटिस, इम्प्लांटभोवतीच्या हाडाचा आजार. दाताला हिरडीचे तंतू आडवे रुतलेले असतात, इम्प्लांटला ते नुसते समांतर टेकतात. त्यामुळे जंतूंना खाली उतरायला अडथळा कमी आणि हाड झपाट्याने जातं. सुरुवातीला फक्त हिरडी लाल होते आणि ब्रश केल्यावर रक्त येतं. या टप्प्यावर साफसफाईने ते पूर्ण बरं होतं. हाड झिजायला लागल्यावर उपचार अवघड होतात आणि गेलेलं हाड पुरतं परत येण्याची खात्री नसते. सहसा दुखत मात्र नाही, हीच अडचण. म्हणून रक्त दिसलं की दुखण्याची वाट न पाहता जायचं.

साफसफाई रोज दोन मिनिटांची. मऊ ब्रश हिरडीच्या कडेला तिरका धरायचा. दोन दातांमधल्या फटीसाठी प्लास्टिकचं आवरण असलेल्या तारेचा छोटा ब्रश घ्यायचा, उघडी तार टायटॅनियमवर ओरखडे काढते. मग जाड, स्पंजसारखा फ्लॉस एका फटीतून आत घालायचा, कॅपच्या मागून फिरवून दुसऱ्या फटीतून बाहेर काढायचा आणि दोन्ही टोकं समोर धरून बूट पुसल्यासारखा मागे-पुढे ओढायचा. काढल्यावर वास घेऊन पाहा. घाण वास रोजच येत असेल तर आत काहीतरी साचतंय.

काही वर्षांनी इम्प्लांट आणि त्याच्या पुढच्या दातामध्ये फट पडू शकते. आपले दात आयुष्यभर किंचित पुढे सरकत असतात, इम्प्लांट सरकत नाही. अन्न अडकायला लागलं तर तो डॉक्टरांचा कामचुकारपणा नव्हे. कॅपला भर घालून किंवा ती बदलून फट बुजवता येते. नाही बुजवली तर शेजारचा खरा दात मात्र किडू शकतो.

कॅप बोटाने हलली, किंवा चावताना ‘टक’ असा बारीक आवाज आला, तर त्या बाजूने खाणं त्या क्षणी थांबवा. सैल स्क्रू आवळणं काही मिनिटांचं काम आहे. सैल स्क्रूवर महिनाभर जेवलात तर तो आत तुटू शकतो, आणि तुटलेला तुकडा काढताना कधीकधी इम्प्लांटच गमवावा लागतो.

तपासणी पहिल्या वर्षी दर तीन ते सहा महिन्यांनी. कॅप बसवल्याच्या दिवशीचा एक्स-रे जपून ठेवा, पुढचा प्रत्येक एक्स-रे त्याच्याशीच ताडायचा असतो. पहिल्या वर्षात हाडाची कड थोडी खाली बसणं अपेक्षित असतं, नंतर ती रेष जवळपास स्थिर राहायला हवी. एमआरआय करायची वेळ आली तर टायटॅनियमला चुंबक ओढत नाही, फक्त त्या जागेपुरतं चित्र बिघडतं. कवळी चुंबकाने अडकणारी असेल तर मात्र ते आधी सांगायला हवं.

शेवटचं काम कागदाचं. प्रत्येक इम्प्लांटच्या पाकिटावर स्टिकर असतं: कंपनी, मॉडेल, व्यास, लांबी, लॉट क्रमांक. ते तुमच्या कार्डावर चिकटवून मागा, अबटमेंटचंही आणि हाडाची भर वापरली असेल तर तिचंही. प्रत्येक कंपनीचा स्क्रू आणि त्याचा पेचकस वेगळा असतो. दहा वर्षांनी गाव बदललेलं असेल, डॉक्टर निवृत्त झालेले असतील आणि नव्या डॉक्टरांना नुसत्या एक्स-रेवरून आतला स्क्रू ओळखायला सांगाल, तर पाच मिनिटांच्या कामासाठी चार फेऱ्या पडतील. त्या कार्डाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.